रडलं, पण वाचलं नाही

पवनीत संशोधक म्हटले की लोकांना टेकडी आठवते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी जगन्नाथ टेकडी खोदली, आत प्राचीन बौद्ध स्तूप सापडला, आणि त्याचे कौतुक अजून ओसरलेले नाही. पण दुसऱ्याही जातीचे संशोधक गावात येऊन जातात. त्यांच्याभोवती गर्दी जमत नाही. त्यांच्या हाती फावडे नसते, प्रश्नावली असते.

अशीच एक मुलगी आमच्या शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसलेली मी पाहिली आहे. ‘काकू, मुलं किती?’ ‘तीन.’ मग तिने हळूच विचारले, ‘जन्मल्यावर रडलं, पण वाचलं नाही, असं एखादं?’ काकू बराच वेळ तांदूळ पाखडत राहिल्या. ‘होती एक पोरगी. चार दिवसांची. ते कायले लिहितं, माय?’

प्रश्न खोचक वाटतो खरा. पण तो फार विचाराने घातलेला आहे. ‘मुले किती’ म्हटले की आई हयात मुले मोजते. म्हणून घरी असलेली, बाहेरगावी असलेली आणि गेलेली, अशी निरनिराळी विचारावी लागतात. मुंबईत देवनारला असलेली, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम सांभाळत आली, तिच्या प्रश्नावलीत हा प्रश्न असतोच. त्याही आधी पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जन्ममृत्यूंची पाहणी केली होती. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. या विद्वानांची नावे घरोघरी पोचली नाहीत. आकड्यांना कोण हार घालतो?

आमच्याच वैनगंगेच्या काठाने खाली गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपुरात डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ साली तिथे येऊन राहिले. तेवढ्या पदव्यांवर मोठ्या शहरात सुखाने जगता आले असते. १९८९ साली त्यांनी दोन गावांतील ६५० बायकांची तपासणी प्रसिद्ध केली: ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. बाकीच्या जणींनी अंगावरच काढले होते.

पुढे ३९ गावांत त्यांनी गावच्याच बायकांना तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवले. काम न केलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मला त्यातले मोल वाटते ते आधीच्या कामाचे. दोन्हीकडच्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कोणीतरी दारात जाऊन लिहून घेतला होता, लपवलेला, विसरलेला, ‘कायले लिहितं’ म्हटलेलाही. तसे केले नसते तर घटले किती हे सांगणार कोण?

२०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. आमच्या गल्लीतही बाळंतीण घरी आली की ती वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येते. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिची पहिली फेरी तिसऱ्या दिवशी असते, दुसरी सातव्या.