गॅस गेला कुठे?

सकाळी ८:३०. भोसरी-आळंदी रस्त्यावरच्या गाळ्याचं शटर वर जातं. भिंतीवर गेज टांगलेले, त्यांना निळी, पिवळी, लाल नळी. कोपऱ्यात नायट्रोजनचा उंच सिलिंडर. मिस्त्री अगरबत्ती लावतो, मग व्हॅक्यूम पंपातलं तेल बघतो. हेल्पर पोरगा झाडू मारतो. त्याची हजेरी सहाशे रुपये.

८:५०. टाटा सिएरा येते, १९९४ची. इथूनच, पिंपरीच्या कारखान्यातून निघालेली. मालक निगडीचे, टेल्कोतून रिटायर झालेले. कंपनीचं नाव २००३ साली बदललं, त्यांच्या तोंडी टेल्कोच राहिलं.

"एसीचा गॅस संपलाय. मागच्या उन्हाळ्यातच भरला होता."

"काका, गॅस संपत नसतो. बंद पाइपात फिरत राहतो. गेला म्हणजे कुठून तरी गेला."

९:१५. बॉनेट वर. जुन्या आट्यांच्या तोंडावर नवं अडॅप्टर बसवलेलं. मिस्त्री मान हलवतो. ही गाडी आर-१२ गॅसची. ओझोनचा थर खातो म्हणून १ जानेवारी २००३पासून तो नव्या गाड्यांसाठी बंद झाला. मागच्या वेळी कुणीतरी जुन्या तेलावरच नवा १३४ए भरला. जुनं मिनरल तेल या गॅसात मिसळत नाही. ते कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तो मॅग्नेटची चकती हाताने फिरवून बघतो. फिरते, खरखर नाही. "वाचलाय."

१०:००. नायट्रोजन दीडशे पाउंडावर. पोरगा ब्रशने साबणाचा फेस लावत जातो, सांध्यामागून सांधा. आता नुसतं बघत राहायचं. पंचवीस मिनिटांनी होजच्या क्रिंपपाशी मोहरीएवढा बुडबुडा येतो. पोरगा हरखतो. मिस्त्री म्हणतो, "पुढे बघ. एक सापडला की माणूस शोधायचं थांबतो."

११:१०. होज सुटतो. पोरगा तो घेऊन एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक होजवाल्याकडे जातो. क्रिंपसकट नवा तुकडा, चारशे रुपये. इकडे कॉइल आणि कंडेन्सर धुऊन निघतात. पिवळट तेल डब्यात पडतं. जुना ड्रायर बाजूला. त्यातले ओलावा शोषणारे दाणे आर-१२च्या काळातले. नवा ड्रायर नऊशेचा. काळ्या ओ-रिंग काढून हिरव्या, दीडशे. एस्टर तेल साडेचारशे.

१२:४०. चाकणकडे निघालेला टेम्पोवाला थांबतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरला तर स्वस्तात थंड होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. "थंड होतं," मिस्त्री म्हणतो. "पण कॉइल डॅशबोर्डाखाली असते. गळला तर तुमच्या मांडीवर." टेम्पोवाला निघून जातो. गिऱ्हाईक गेलं, मिस्त्रीला त्याचं काही नाही.

१:३०. डबा. भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी.

२:१५. व्हॅक्यूम पंप सुरू. सुई अठ्ठावीसवर थांबते. समुद्रकाठी ती तिसाजवळ जाते. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, इथल्या हवेचाच दाब तेवढा. हवा तर निघतेच, खरं काम ओलाव्याचं. दाब इतका खाली गेला की आतलं पाणी गाळ्यातल्या उष्णतेनेच उकळून वाफ होतं.

३:०५. पंप बंद. सुईकडे डोळे. दहा मिनिटं ठीक. मग ती केसभर सरकते. अजून केसभर. काका म्हणतात, "एवढं चालतं की." मिस्त्री उत्तर देत नाही. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा फेस. तीन वाजून पन्नास मिनिटांनी सापडतं. कंडेन्सरच्या नटाखाली, ओ-रिंगला कापल्याचा वळ. नट आवळताना चिरली असणार. रिंग दोन रुपयांची. पोरगा खाली बघतो. मिस्त्री ओरडत नाही. नव्या रिंगला तेलाचं बोट लावून दाखवतो, "कोरडी घातली की चिरते."

४:१०. पुन्हा पंप. पाऊण तास. चहा येतो, दहाचा एक. या पाऊण तासाचे पैसे बिलात कुठे लिहायचे, ते मला सुचत नाही.

५:२५. सुई अर्धा तास हललेली नाही. आता गॅस. कॅन वजनकाट्यावर उलटा नाही, उभाच. जुन्या मापाच्या पंच्याऐंशी टक्के भरायचा. सातशे ग्रॅमला तो व्हॉल्व्ह बंद करतो. भरायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

५:५०. इंजिन दीड हजार फेऱ्यांवर. निळा गेज पस्तीस, लाल दोनशे तीस. जाळीतला थर्मामीटर नऊ अंशावर येतो. काका खिडक्या वर करून आत बसून राहतात.

६:१५. हिशेब. ड्रायर, रिंगा, तेल, होज, आणि गॅस सातशेचा. सगळे मिळून २,६००. मजुरी २,०००. "गॅस सातशेचा आणि मजुरी दोन हजार?" काका विचारतात. दिवसभर स्टुलावर बसून सगळं त्यांनी पाहिलंय. तरी विचारतात. मग मोजून ४,६०० देतात, पोरग्याच्या हातावर पन्नास वेगळे.

६:३०. बॉनेट लावण्याआधी मिस्त्री आतल्या पत्र्यावर पांढऱ्या पेंटने लिहितो: १३४ए, ७०० ग्रॅम, एस्टर तेल, आजची तारीख. अक्षर वाळेपर्यंत फुंकर मारतो.