मोटारीची निगा : पाणी आणि मेण

खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे आणि यंत्रे यांची पूजा करण्याची रीत आहे. सुताराचा रंधा आणि शिंप्याचे यंत्र यांच्या पंक्तीला आता मोटारही येऊन बसली आहे. त्या दिवशी ती धुतली जाते, तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. वर्षातून एक दिवसाचा हा मान योग्यच होय. परंतु उरलेल्या दिवसांत मोटार किती वेळा धुवावी आणि तिला मेण, म्हणजे बाजारात ज्याला वॅक्स म्हणतात ते, किती वेळा लावावे, हा प्रश्न दिल्लीत विचारा, इंदुरात विचारा की पुण्यात, प्रत्येक ठिकाणी निराळे उत्तर मिळते. कोणी म्हणतो, रोज पुसलीच पाहिजे. कोणी म्हणतो, पाऊस धुतोच आहे, माणसाने कशाला श्रम घ्यावेत? ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आणि ती का चुकीची आहेत हे एकदा समजले, की बरोबर उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही.

त्यासाठी प्रथम मोटारीचा रंग म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. वरवर पाहता तो एकच थर दिसतो. वस्तुतः आजच्या मोटारीच्या पत्र्यावर चार थर असतात. पत्र्याला गंजापासून जपणारा पहिला थर, पृष्ठभाग सारखा करणारा दुसरा, प्रत्यक्ष रंगाचा तिसरा आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक असा चौथा. या चौथ्याला क्लिअर कोट म्हणतात. मोटारीची सारी चकाकी त्याच्यात असते, आणि खालच्या रंगाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचविण्याचे कामही मुख्यतः तोच करतो. हे चारही थर मिळून जाडी भरते ती सामान्यतः शंभर ते दीडशे मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ. एवढ्याशा पडद्याच्या आधारावर मोटारीला दहा-पंधरा वर्षे ऊन, पाऊस आणि धूळ सोसावयाची असते.

पूर्वीच्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी गाड्यांना हा पारदर्शक थर नसे. त्यांचा रंग उन्हाने फिका पडे, हात फिरविला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागे, आणि पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. झीज डोळ्यांना दिसत असे. आताच्या गाड्यांत झिजणारा थरच रंगहीन असल्यामुळे फडके स्वच्छ राहते आणि मालकाचा समज होतो, की काहीच झिजले नाही. जुन्या काळचे नियम आजच्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत, याचे हे एक कारण आहे.

आता रोज पुसण्याच्या रिवाजाकडे वळू. शहरांतील वसाहतींत पहाटे एक माणूस बादली आणि फडके घेऊन येतो आणि तासाभरात वीस-पंचवीस गाड्या पुसून जातो. मालक उठतो तेव्हा गाडी लखलखीत असते. परंतु रस्त्यावरच्या धुळीत मातीबरोबर वाळूचे सूक्ष्म कण असतात. वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटीच्या जातीचे खनिज. काचेवरही ओरखडा काढील इतके कठीण. गाडीवर धूळ नुसती पडून राहिली, तर कोरड्या दिवसांत ती फारसे नुकसान करीत नाही. तीच धूळ फडक्याखाली दाबून फिरविली, की ते फडके उरत नाही, पॉलिश-कागद होतो. त्यात पहिल्या गाडीचे कण विसाव्या गाडीवर जातात. दोन वर्षांनी त्या गाडीकडे दुपारच्या उन्हात तिरपे पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसू लागतात. घरात चांदीचा मुलामा दिलेले भांडे रोज रांगोळीने घासणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. भांडे दररोज चकाकते, आणि एके दिवशी मुलाम्याखालचे पितळ दिसू लागते.

म्हणून पहिला नियम असा, की रोज पुसावयाची ती फक्त काच, आरसे आणि दिवे. ती स्वच्छता शोभेची नव्हे, सुरक्षिततेची आहे. धुळीने अंधारलेल्या काचेतून समोरच्या उन्हात किंवा रात्रीच्या दिव्यांत रस्ता दिसत नाही. बाकीच्या अंगावरची धूळ पाण्याने सैल झाल्याखेरीज तिला फडके लावू नये.

तरीही काही गोष्टी धुण्याच्या दिवसाची वाट पाहत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा ही त्यांत पहिली. तिच्यातील आम्ल आणि वरून तापणारे ऊन या दोहोंनी पारदर्शक थरावर कायमचा डाग उमटतो. झाडाचा चीक, मेलेले किडे आणि रस्त्यावरचे डांबर यांचेही तसेच. झाडाच्या सावलीत गाडी उभी करणाऱ्याला ऊन टाळल्याची किंमत बहुधा या रूपाने द्यावी लागते. असा डाग दिसताच त्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवावे, डाग मऊ झाला की अलगद उचलावा, खरवडू नये. सारी गाडी धुण्याची त्यासाठी गरज नाही.

सबंध गाडी धुण्याचा प्रश्न ती कोठे राहते यावर अवलंबून आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नई येथे समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा पुरतात. मीठ त्या क्रियेला वेग देते. तेथे आठवड्यातून एकदा गाडी धुणे योग्य, आणि केवळ वरून नव्हे, तर चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि तळ या ठिकाणीही पाणी पोहोचले पाहिजे. गंज नेहमी न दिसणाऱ्या जागी सुरू होतो. दिल्ली, जयपूर, नागपूर अशा कोरड्या शहरांत उन्हाळ्यातील धूळ कितीही डोळ्यांत आली, तरी आठ ते पंधरा दिवसांचे अंतर पुरते. छपराखाली उभी राहणारी आणि थोडी चालणारी गाडी तीन आठवडेही थांबू शकते.

पावसाळ्याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. शहरावर पडणाऱ्या पहिल्या सरी हवेतील धूर आणि धूळ घेऊनच खाली येतात. ते थेंब गाडीवर सुकले, की प्रत्येकाचे एक मळकट वर्तुळ मागे राहते. चाकांनी उडविलेला चिखल कमानींत साचतो आणि दिवसचे दिवस ओला राहतो. पाऊस वरचा टप धुतो. गंज लागतो तो खाली. म्हणून पावसाळ्यात धुण्याची गरज कमी होत नाही, उलट आठवड्याचा नेम तेव्हा अधिक काटेकोरपणे पाळावा.

धुण्याची रीत अवघड नाही. गाडी सावलीत असावी आणि पत्रा थंड असावा. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू मिसळलेले पाणी, दुसरीत साधे. आधी साध्या पाण्याने धूळ सैल करून खाली वाहू द्यावी, मग वरून खाली असे हलक्या हाताने सरळ रेषेत फडके फिरवावे आणि दर वेळी ते साध्या पाण्याच्या बादलीत पिळून, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. चाके शेवटी आणि निराळ्या फडक्याने. कपड्यांची किंवा भांड्यांची पावडर वापरू नये; ती मळाबरोबर मेणही काढून नेते. शेवटी गाडी मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी. बोअरच्या जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात आणि पाणी उन्हात आपोआप सुकू दिले, तर त्यांचे पांढरे ठिपके काचेवर आणि रंगावर घट्ट बसतात.

आता मेणाकडे येऊ. येथे एक घोटाळा नेहमी होतो. पॉलिश आणि मेण या दोन वस्तू एकच समजल्या जातात. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा थर झिजवून पृष्ठभाग सपाट करते. म्हणजे पॉलिश काहीतरी काढून घेते. मेण काहीतरी घालते. तांब्यापितळेच्या भांड्याला जशी कल्हई, तसे मोटारीला मेण. कल्हई अन्न आणि धातू यांच्यामध्ये उभी राहते, मेण हवामान आणि रंग यांच्यामध्ये. दोन्ही झिजण्यासाठीच असतात आणि झिजल्यावर पुन्हा लावावयाच्या असतात. उलट, केसाहून पातळ अशा पारदर्शक थराला वारंवार पॉलिश करणे म्हणजे कल्हई करण्याऐवजी भांडेच घासून पातळ करणे होय. ओरखडे खरोखरच डोळ्यांत येऊ लागले तरच, आणि तेही वर्षा-दोन वर्षांतून एकदा, जाणत्या हाताकडून पॉलिश करून घ्यावे.

मोटारीच्या मेणांत नावाजलेले आहे ते कार्नाउबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात याच नावाचा एक ताड होतो. कोरड्या हवेत पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा थर चढविते. पाने वाळवून तो झाडून काढतात. मधमाशीचे मेण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नाउबा ऐंशीच्या वर. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते टिकते, ते या गुणामुळे. तरी आपल्याकडील ऊन आणि पाऊस सोसून ते दोन-तीन महिन्यांपलीकडे सहसा जात नाही. रासायनिक पद्धतीने बनविलेली लेपने चार ते सहा महिने राहतात. हल्ली सिरॅमिक म्हणून जो लेप देतात तो वर्षाहून अधिक टिकू शकतो. पण गाडी धुण्याच्या कामातून तोही कोणाची सुटका करीत नाही.

मेण संपले की नाही, हे ओळखण्यास दिनदर्शिकेपेक्षा पाणीच अधिक विश्वासू आहे. धुतलेल्या बॉनेटवर ओंजळभर पाणी टाकावे. अळूच्या पानावर राहतात तसे त्याचे गोल थेंब झाले आणि ते घरंगळून गेले, तर मेण जिवंत आहे. पाणी पसरून चिकटून बसले, तर मेण संपले. ज्यांना तिथीच हवी, त्यांच्यासाठी आपल्या ऋतुचक्रातच सोय आहे. साधे मेण वापरणाऱ्याने मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी, दसऱ्याला, संक्रांतीला आणि होळीनंतर असे चार वेळा ते लावावे. अधिक टिकणारे लेपन असेल तर मृगापूर्वी आणि दसऱ्याला एवढे पुरे. चेन्नईकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथील रहिवाशांनी दसऱ्याचे मेण पावसापूर्वीचे समजावे आणि पुढचे पोंगलला लावावे.

येथवरचा विचार मोटारीच्या हिताचा झाला. परंतु पाण्याचा विचार केल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. घरातील नळाला लावलेल्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहते. दहा मिनिटे पाइप सोडून गाडी धुतली, तर शंभर ते दीडशे लिटर पाणी गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे एका गाडीच्या एका स्नानात एका माणसाचे सुमारे दोन ते तीन दिवसांचे पाणी जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होते. दीडशे लिटरचा हिशेब धरला, तर ती सारी खेप सुमारे ३,३०० गाड्या धुण्यातच संपली असती. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी केली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीतही पाइपाने गाडी धुणाऱ्यास २,००० रुपये दंड करण्याचा आदेश निघाला.

सुदैवाने गाडीचे हित आणि पाण्याची बचत यांत येथे विरोध नाही. दोन बादल्यांची रीत तीस-चाळीस लिटरांत काम भागविते, आणि ओरखडे टाळण्यास तीच उत्तम. मेणाचा थर शाबूत असेल तर मळ घट्ट बसत नाही आणि पाणी आणखी कमी लागते. जेथे टंचाई आहे, तेथे समुद्रकाठ सोडून धुण्याचे अंतर लांबविले तरी गाडीचे फारसे बिघडत नाही. आठवडाभराची धूळ ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे.

राहता राहिला तो पहाटे येणारा माणूस. रोजचे पुसणे बंद म्हणजे त्याची रोजी बंद, असा अर्थ कोणी काढू नये. त्याचा पगार तोच ठेवावा, काम बदलावे. त्याने काचा आणि दिवे रोज पुसावेत, आठवड्यातून एक दिवस गाडी नीट धुवावी, आणि ऋतू बदलला की मेण लावावे. त्याला प्रत्येक गाडीसाठी वेगळे फडके आणि दुसरी बादली मालकाने घेऊन द्यावी. पंचवीस गाड्यांवरून घाईने हात फिरविण्यापेक्षा दिवसाला तीन-चार गाड्या नीट धुण्यात त्याच्याही कामाला कसब येते. काच रोज, अंग आठवड्याला, मेण ऋतूला आणि पॉलिश क्वचित, एवढे चार शब्द त्याने आणि मालकाने ध्यानात ठेवले, तर पुढल्या खंडेनवमीला माळ घालताना गाडी नुसती धुतलेली नव्हे, राखलेली दिसेल.