रेवडी व चिक्की : साखरेची काच

लखनौच्या चारबाग स्थानकावर हिवाळ्यात उतरणाऱ्या प्रवाशाच्या नजरेतून रेवडी सहसा सुटत नाही. तिळांनी मढविलेली, गुलाबजल वा केवड्याचा वास असलेली ही लहानशी वडी आणि आपल्याकडील लोणावळ्याची चिक्की दिसण्यात निराळ्या असल्या, तरी त्यांचे कूळ एकच. दोन्ही पदार्थ म्हणजे साखरेची किंवा गुळाची काच होय.

काच हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. पाक आटत जातो तसा तो घट्ट होतो, आणि तो झपाट्याने निवला म्हणजे साखरेच्या रेणूंना स्फटिकांच्या रांगा लावण्यास अवसर मिळत नाही. ते अस्ताव्यस्त स्थितीतच थिजतात. असा पदार्थ वाकत नाही, तुटतो.

यश अवलंबून असते ते पाकात उरलेल्या पाण्यावर. शुद्ध साखरेची कोरडी काच सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियस तापमानास मऊ पडू लागते. तीत शेकडा ४-५ भाग पाणी राहिले, तर हे तापमान उतरून नेहमीच्या हवेच्या तापमानाजवळ येते व चिक्की दातांना चिकटते. पाणी किती उरले हे पाकाच्या तापमानावरून कळते. ११५ अंशांच्या सुमारास त्याची मऊ गोळी होते. चिक्कीस मात्र १४६ ते १५४ अंश गाठावे लागतात. तापमापक नसल्यास थंड पाण्यात थेंब टाकून पाहावा. तो ताणला गेला तर पाक कच्चा आहे. कट्‌कन तुटला तर तयार आहे. पाककृतींत आढळणारी ‘रंग बदलेपर्यंत’ ही खूण गुळाच्या बाबतीत निरुपयोगी ठरते, कारण गूळ मुळातच रंगीत असतो.

घरी करताना २०० ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे व तितकाच गूळ घ्यावा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप व दोन चमचे पाणी घालून गूळ मंद आचेवर वितळवावा. थेंबाची परीक्षा उतरताच चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांनी काच सच्छिद्र व ठिसूळ होते. लगेच दाणे मिसळून मिश्रण तूप लावलेल्या पोळपाटावर ओतावे, लाटावे आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात. हा पाक उकळत्या पाण्याहून सुमारे ५० अंशांनी अधिक तप्त असतो आणि कातडीस चिकटून राहतो. म्हणून मुलांना कढईपासून दूर ठेवावे.

नुसत्या साखरेच्या पाकात लिंबाचे दोन थेंब पिळतात. अम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि त्यांच्या अडथळ्याने पाक दाणेदार होत नाही. गुळात या शर्करा मुळातच असतात. त्या फार झाल्या मात्र घात करतात, कारण फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात पाझरलेल्या गुळाची चिक्की फसते ती यामुळेच. १९५२ साली लखनौ येथे स्थापन झालेल्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत गुळाची निर्मिती व साठवण हेही संशोधनाचे विषय आहेत.

रेवडीत आणखी एक कृती असते. किंचित निवलेला पाक खुंटीवर टाकून पुनःपुन्हा ओढतात. प्रत्येक ओढीसरशी हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत कोंडले जातात, प्रकाश विखुरतो आणि पिवळसर पाक रेशमासारखा पांढरा दिसू लागतो. त्यात कोणताही रंग मिसळलेला नसतो.

दाणे निवडण्याचा कंटाळा करू नये. सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या वा बुरसटलेल्या दाण्यांत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष असू शकते. ते भाजल्याने पुरते नष्ट होत नाही व गोडीत त्याची चवही लागत नाही. असे दाणे फेकून द्यावेत.

तयार चिक्की पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. कोमट असताना भरल्यास आतल्या वाफेनेच ती मऊ पडते.