पोर्टलंडचे न्यायाधीश आणि तीन निकाल

अमेरिकेतील भारतीयांचा इतिहास लिहिणारे सगळे भगतसिंग थिंद खटल्यापाशी थांबतात. (हे थिंद अमृतसर जिल्ह्यातले, क्रांतिकारक भगतसिंग वेगळे.) १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही, असा निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड प्रसिद्ध झाले. परंतु सरकारला अपिलात जावे लागले, ते थिंद खालच्या न्यायालयात जिंकले होते म्हणून. त्यांना जिंकवणारे न्यायाधीश कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्यासारख्या कायद्याचे रीतसर शिक्षण नसलेल्या वाचकाला मात्र तोच प्रश्न छळत राहिला.

त्यांचे नाव चार्ल्स वुल्व्हर्टन. जन्म १८५१, आयोवा राज्यातला. लहानपणीच कुटुंब ओरेगनला आले. तिथल्या ऑल्बनी या गावी त्यांनी वीस वर्षे वकिली केली. मग ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना ओरेगनच्या संघीय जिल्हा न्यायालयावर नेमले. ‘जिल्हा न्यायाधीश’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्ह्याच्या ठिकाणचे कोर्ट येते. तिथे तसे नाही. संपूर्ण ओरेगन राज्य हाच एक ‘जिल्हा’. नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी करायची, सिनेटने संमती द्यायची आणि पद आजन्म. निवडणूक नाही, निवृत्तीची सक्ती नाही. अशा माणसाला लोकमताविरुद्ध जाता येते. तो खरोखर जातो का, हे त्याच्या निकालांवरूनच कळते. वुल्व्हर्टन यांचे तीन निकाल मला त्यासाठी महत्त्वाचे वाटतात.

पहिला निकाल जमिनीचा. रेल्वे बांधण्यासाठी सरकारने ओरेगनमध्ये लाखो एकर जमीन एका कंपनीला दिली होती. अट अशी की ती प्रत्यक्ष वस्ती करणाऱ्यांनाच विकायची, एकाला १६० एकरांपेक्षा जास्त नाही आणि एकरी अडीच डॉलरपेक्षा महाग नाही. कंपनीने अट धाब्यावर बसवली. १९१३ मध्ये वुल्व्हर्टन यांनी उरलेली, वीस लाख एकरांहून अधिक जमीन सरकारजमा करण्याचा हुकूम दिला. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. अट मोडली हे मान्य केले, विक्री थांबवली, पण जप्ती नाकारून पुढचे काँग्रेसवर सोपवले. काँग्रेसने १९१६ मध्ये कायदा करून जमीन परत घेतलीच.

दुसरा निकाल थिंद यांचा. थिंद १९१३ साली अमेरिकेत आले, १९१८ मध्ये सैन्यात भरती झाले आणि त्याच वर्षी सन्मानाने मोकळे झाले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले गेले. मग त्यांनी ओरेगनमध्ये अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्याने दोन हरकती घेतल्या : हा माणूस गोरा नाही, आणि त्याचा गदर चळवळीशी संबंध आहे.

दुसरी हरकत हलकी नव्हती. गदरवाल्यांचा सॅन फ्रान्सिस्कोतील मोठा खटला १९१८ मध्येच संपला होता. हिंदुस्थान भारतीयांचा असावा, असे आपले मत असल्याचे थिंद यांनी साक्षीत कबूल केले. सशस्त्र उठावाला मात्र आपला पाठिंबा नाही, असे सांगितले. वुल्व्हर्टन यांनी त्यांच्या शब्दावर आणि लष्करी सेवेच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. ब्रिटिश राज्य नको असणे म्हणजे अमेरिकेशी बेइमानी नव्हे, असा याचा अर्थ. हा भाग आजही ताठ उभा आहे.

पहिल्या हरकतीचे उत्तर मात्र अडचणीचे आहे. १७९० च्या कायद्याने परकीयांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येई, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्यांचे काय? आधीच्या काही न्यायालयांनी भारतीयांना ‘कॉकेशियन’ मानून आत घेतले होते. मुंबईच्या पारशी समाजातील भिकाजी बलसारा यांना तर १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानेही नागरिक मानले. वुल्व्हर्टन त्याच वाटेने गेले. १९२० च्या या निकालात थिंद उच्चवर्गीय हिंदू ठरतात. प्रत्यक्षात ते शीख. पण तेव्हा अमेरिकेत प्रत्येक भारतीय ‘हिंदू’च असे.

वर सर्वोच्च न्यायालयात थिंद यांची बाजू मांडली सखाराम गणेश पंडित यांनी. तिथे युक्तिवाद असा झाला की उच्चवर्णीय भारतीय आर्य आहे आणि इथल्या आदिवासींकडे तो, अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो तसाच पाहतो. म्हणजे आपल्याकडची उच्चनीचता तिकडे लायकीचा पुरावा म्हणून पुढे केली गेली. याच्या सात वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला होता. वर्णद्वेषाने ग्रासलेल्या युरोपीय अभ्यासकांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसतो, असे त्यांनी त्यात बजावले होते. कोर्टात दोन्ही पक्ष नेमके तेच करत होते.

सदरलँड यांनी शास्त्र बाजूला ठेवले. सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा, असे ठरवले. त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वे रद्द करायला घेतली. पंडित यांच्यावरही खटला झाला. १९१४ मध्ये कोर्टाने दिलेला अंतिम निकाल असा उकरून काढता येणार नाही, या मुद्द्यावर १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले.

तिसरा निकाल शाळांचा. नोव्हेंबर १९२२ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी, कू क्लक्स क्लॅनच्या पाठिंब्याने, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याचा कायदा संमत केला. रोख कॅथलिक शाळांवर होता. १९२४ मध्ये वुल्व्हर्टन ज्यात होते त्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने या कायद्याला मनाई केली. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने उचलून धरले. मूल राज्याची मालमत्ता नाही, हे तत्त्व तिथून पक्के झाले.

१९२६ मध्ये वुल्व्हर्टन वारले. तीनपैकी एक निकाल टिकला, एक बदलला, एक उलटला. तिन्हींत ते बलवानाच्या बाजूला नव्हते : ना रेल्वे कंपनीच्या, ना सरकारी अधिकाऱ्याच्या, ना क्लॅनच्या. मात्र थिंद यांना त्यांनी ज्या फळीवर उभे केले, ती वंशाची फळी मुळातच कुजकी होती. कायदाच तसा असताना न्यायाधीशाला दुसरी फळी कुठून मिळणार, असा प्रतिप्रश्न रास्त आहे. पण म्हणूनच दुरुस्ती कोर्टातून न होता कायद्यातून झाली. १९३५ मध्ये काँग्रेसने महायुद्धातील परदेशी सैनिकांना वंश न पाहता नागरिकत्वाचा हक्क दिला आणि १९३६ मध्ये थिंद नागरिक झाले. सर्व भारतीयांसाठी तो दरवाजा उघडायला १९४६ साल उजाडले. थिंद यांना अखेर जे मिळाले, ते गोरे ठरून नव्हे, सैनिक म्हणून. पोर्टलंडच्या न्यायाधीशांपुढे तो दाखला १९२० मध्येच होता.