पैलवानाचा खुराक आणि कॉलेजची ढाल

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंच्या सामन्यांवर तिकिटांतून आणि टीव्हीच्या हक्कांतून कोट्यवधी डॉलर मिळतात. खेळाडूंच्या पदरी मात्र वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीच पडत आली. २०२१ साली त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजे उत्पन्नातला हिस्साही थेट देऊ लागली.

आपल्या कॉलेजांत असा गल्ला जमत नाही. मग हा प्रश्न आपला नव्हेच का? खाशाबा जाधव आठवा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला हा मल्ल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी ते कर्ज फेडले.

याचा अर्थ साधा आहे. पैलवानाच्या नावावर तेव्हाही तिकिटे खपत होती. पण तयारीचा खर्च उचलायला कुणी बांधील नव्हते.

आपल्या मैदानी कुस्तीत जोड ठरते तेव्हाच इनामही ठरते, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. मग कॉलेजच्या खेळाडूबाबतच संकोच का? जिथे तिकीट लागते, तिथे त्याचा वाटा आधी ठरावा. जिथे लागत नाही, तिथे ढाल कपाटात मांडणाऱ्या कॉलेजने निदान त्याचा खुराक आणि दुखापतीचा खर्च उचलावा. दरवेळी घर गहाण ठेवणारे प्राचार्य कुठून आणायचे?