सत्त्वावजय व समुपदेशन : रुग्णास काय सांगावे?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयाची गणना केली आहे. निद्रानाशासाठी भाट्ये येथे आमच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांना केवळ ब्राह्मी, अश्वगंधा पुरेशी नसते. अशांना आम्ही खाडीपलीकडे, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाकडे पाठवितो. नावानेच रुग्ण बिचकतो, म्हणून पूर्वकल्पना द्यावी. समुपदेशनाची बैठक साधारणतः पाऊण तासाची असते. तेथे उपदेशापेक्षा श्रवणास महत्त्व असते. गुण येण्यास अनेक बैठका लागतात. गोपनीयता पाळली जाते; जिवास धोका असल्यास अपवाद. चालू औषधे परस्पर थांबवू नयेत. आत्मघाताचा विचार कानी पडताच औषधविक्रेत्यांनीही रुग्णास एकटे न सोडता नातेवाइकांस बोलवावे आणि २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकाशी त्याचा संपर्क जोडून द्यावा.