मामांनी दिलेला जुना कॅमेरा कोणत्या सालचा? झाकण उघडण्याआधी हे वाचा

सुट्टीत आजोळी गेलं की मामा माळ्यावरची पेटी काढतात आणि "घे, तुला आवड आहे ना, तुझ्याकडेच राहू दे" म्हणत धुळीने माखलेला कॅमेरा हातात ठेवतात. घरी आल्यावर पहिला उद्योग काय? मागचं झाकण उघडून आत बघणं. तेवढं मात्र करू नका.

आत रोल असू शकतो. मागच्या लाल काचेतून आकडा किंवा कागद दिसला, तर रोल आहेच समजा. उजेडात झाकण उघडलं की त्यावरचे फोटो गेले. ब्लॅक अँड व्हाइट रोल वर्षानुवर्षे पडून राहिला तरी कधी कधी त्यातून चित्र निघतं. न जाणो, त्यात आजीचाच फोटो असेल! लाल काचेतला कागद पुढे सरकून संपेपर्यंत चावी फिरवा, मग अंधाऱ्या खोलीत रोल काढा आणि अजून रोल धुणारा कोणी असेल त्याच्याकडे द्या. छोट्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल उलटा गुंडाळायची चावी हलकेच फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे.

आता साल. घरातली मोठी माणसं हमखास "इंग्रजांच्या काळातला" म्हणतात. पण आपल्याकडे घरोघरी सापडणारा 'आग्फा क्लिक थ्री' घ्या. क्लिक मालिकाच जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि क्लिक थ्री बडोद्यात बनला. म्हणजे तो स्वातंत्र्यानंतरचाच. १२० नंबरच्या रोलवर त्याचे बारा चौकोनी फोटो निघायचे.

घडी उघडून भाता बाहेर येणाऱ्या कोडॅकमध्ये तर हमखास फसगत होते. आत पेटंटच्या तारखांची यादी असते, ती लोक कॅमेऱ्याचं साल समजतात. पेटंट आधी मिळतं, कॅमेरा पुढे कित्येक वर्षं बनत राहतो. म्हणून नियम एकच: कॅमेऱ्यावरची सगळ्यात अलीकडची खूण धरायची. कॅमेरा त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

मागे छोटी खिडकी आणि धातूची लेखणी असेल तर तो 'ऑटोग्राफिक' प्रकार, म्हणजे १९१४ नंतरचा. फोटोखाली तारीख लिहायची ती सोय होती. ६२० नंबरचा रोल लागत असेल तर १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. लेन्सवर निळी-जांभळी झाक दिसली तर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. शटरचे आकडे २५, ५०, १०० असे असतील तर जुनी पद्धत. ३०, ६०, १२५ असतील तर साधारण १९५० च्या दशकापासून पुढची. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर १९४९ नंतरचा, कारण देशाची फाळणीच तेव्हा झाली.

अमेरिकन कोडॅकच्या काही लेन्सवर नंबराआधी दोन अक्षरं असतात. त्यात गंमत आहे. 'कॅमेरॉसिटी' या शब्दाची इंग्रजी अक्षरं ओळीने १ ते ९ आणि शेवटचं ०: सी १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. लेन्सवर 'ईओ' असेल तर ४६, म्हणजे लेन्स १९४६ ची.

किमतीच्या बाबतीत सावध राहा. साधे बॉक्स कॅमेरे आणि क्लिक थ्री भरपूर बनले, त्यांना लाखाचं मोल नसतं. उलट गरुड कोरलेली सोनेरी 'लायका' कोणी विकायला आणली तर ती बहुधा 'फेड' किंवा 'झॉर्की' या सोव्हिएत कॅमेऱ्यावर नाव कोरून बनवलेली असते. अशा मालात पैसे घालू नका.

शटर अडकलं म्हणून खोबरेल तेल सोडू नका. पाती चिकटून बसतात. कॅमेरा चामड्याच्या पेटीतही ठेवू नका. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी येते.

आणि घरातला जुना अल्बम काढा. चौकोनी फोटो असतील तर उलटून मागे बघा. स्टुडिओचा शिक्का किंवा हाताने लिहिलेली तारीख सापडते. कॅमेरा कधी बनला ते त्यावरून कळणार नाही, पण मामांच्या घरात तो कधी वापरात होता ते कळेल.